मदत हवी आहे: दोन हिरोइक कॉम्बॅट एकमेकांत अडकले तर?

मिडल-अर्थ स्ट्रॅटेजी बॅटल गेम (टेबलावर छोट्या मूर्तींनी खेळायचा युद्धखेळ) खेळणारं कुणी आहे का? फाइट फेजच्या (फेरीतल्या लढतींच्या टप्प्याच्या) सुरुवातीला मी आणि माझ्या मित्राने एकेक माइट पॉइंट (हीरोकडचे मोजके खास गुण) खर्चून हिरोइक कॉम्बॅट पुकारला, वेगवेगळ्या लढतींत. यात हीरोची लढत आधी होते आणि त्याने समोरचे सगळे मारले तर त्याला जादा चाल मिळते. कुणाची लढत आधी, यासाठी टाकलेला फासा माझ्या बाजूने पडला. माझ्या हीरोने समोरचे दोन्ही ऑर्क मारले, त्याला पुन्हा चाल मिळाली आणि तो थेट मित्राच्या हीरोवर चार्ज करून गेला. इथवर वाद नाही.

पण मित्राने आधीच पुकारलेला कॉम्बॅट अजून लागू आहे का? तो म्हणतो, आहे. नव्याने आलेल्यासह सगळे मारले की त्यालाही जादा चाल. माझ्या मते लढतच बदलली, मग पुकारा कसा टिकेल? (पॉइंट मात्र गेलाच, त्यावर एकमत!) एफएक्यूमधला (खेळाच्या अधिकृत प्रश्नोत्तरांमधला) नेमका नियम कुणी दाखवला तर फार बरं होईल.