वजन नेहमीइतकंच, तरी खाण्याचा विकार असू शकतो का?

शब्दवेल:
विद्यापीठाच्या वसतिगृहात मुलामुलींशी रोज संबंध येणाऱ्यांसाठी विचारते आहे. हाडं दिसायला लागली की कुणाच्याही लक्षात येतं. वजन जैसे थे असेल तर काय बघायचं? आणि विषय काढायचा कसा?

निशिगंध:
वजनावर जाऊच नका. बुलिमिया या खाण्याच्या विकारात ते बहुधा सर्वसाधारणच राहतं. निदान होतं वागण्यावरून: ताबा सुटून थोड्या वेळात भरमसाट खाणं, मग ते 'फेडायला' ओकाऱ्या, जुलाबाच्या गोळ्या, उपास किंवा अति व्यायाम, आठवड्यातून सरासरी १ वेळ तरी, ३ महिने. जेवण उरकताच बाथरूम गाठणं, कानाखाली गाल सुजणं, मुठीच्या उंचवट्यांवर घट्टे पडणं, ही चिन्हं दिसतात. पण सगळ्यांत नाही, म्हणून ती नसली तरी निश्चिंत होऊ नका.

मध्यान्ह:
खरी धास्ती पोटॅशियमची. ओकाऱ्या-जुलाबांत ते घटतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि धडधाकट दिसणारं मूलही कोसळतं. म्हणून डॉक्टरांकडे रक्तातल्या सोडियम, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियमच्या तपासण्या आणि ईसीजी व्हायलाच हवेत. शुद्ध हरपली किंवा छातीत धडधडतंय, तर समुपदेशकाची वेळ मिळायची वाट बघू नका, तडक इस्पितळात न्या.

आणि बरेच दिवस जवळजवळ उपाशी असलेल्याला प्रेमानंसुद्धा आग्रह करून वाढू नका. एकदम अन्न पोटात गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींत ओढलं जातं आणि जिवावर बेतू शकतं. खाणं कसं वाढवायचं ते डॉक्टरच ठरवतील.

निशिगंध:
विषय एकांतात काढा, ताटावर बसलेलं असताना नको. "बारीक झालीस" नको, तसंच "आता छान दिसतेस"ही नको. दिसलं तेवढंच बोला: "दोन आठवडे तू जेवायला खाली येत नाहीस, मला काळजी वाटते." झटकून टाकलं तर वाद घालू नका, चार दिवसांनी पुन्हा विचारा.

काठपदर:
दातांचं राहिलं. ओकारीनंतर लगेच ब्रश नको. आम्लानं मऊ झालेलं एनॅमल, म्हणजे दातांवरचं कठीण आवरण, घासून निघतं. पाण्यानं चूळ भरून किमान अर्धा तास थांबावं.

उपचारात पहिलं काम नियमित खाण्याचं: ३ जेवणं, मध्ये २-३ वेळा थोडं काही, दोन खाण्यांत ४ तासांहून जास्त खंड नाही. "रात्री फार खाल्लं, म्हणून सकाळचं बुडवलं" इथेच घोडं अडतं. दिवसभराची भूकच रात्री ताबा सोडायला लावते. परीक्षेच्या दिवसांत तर हे हमखास होतं.

मध्यान्ह:
एक भर. अनेकजण नैराश्यासाठी डॉक्टरांकडे जातात आणि ओकाऱ्यांचं लपवतात. बुप्रोपियॉन हे नैराश्यावरचं औषध बुलिमिया किंवा अॅनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीनं खाणं तोडण्याचा विकार) असलेल्यांना देत नाहीत, कारण फिट येण्याचा धोका वाढतो. सोबत जाणार असाल तर ओकाऱ्यांचं डॉक्टरांना सांगायला निघण्याआधीच राजी करा.