प्रतिसाद: सारखे दिसणारे शब्दच जास्त फसवतात
'अ‍ॅरोगंट', 'क्रुएल' हे शब्द फ्रेंचमध्येही तसेच लिहितात, त्यामुळे फ्रेंच भाषकांना इंग्रजीतली दुर्गुणांची विशेषणं सोपी जातात, असं वरच्या लेखात म्हटलंय. मला खरा धोका तिथेच दिसतो. फ्रेंच 'मालिस्यो' म्हणजे खट्याळ, मिश्कील. इंग्रजी 'मॅलिशस' म्हणजे दुसऱ्याचं वाईट चिंतणारा. फ्रेंच आजी कौतुकाने नातवाला इंग्रजीत 'मॅलिशस' म्हणाली तर ऐकणारा दचकणारच! फ्रेंच 'ल्युनातिक' लहरी, तर इंग्रजी 'ल्युनॅटिक' वेडा. 'व्हर्सटाइल'चं नेमकं उलट: इंग्रजीत ती स्तुती (अष्टपैलू), फ्रेंचमध्ये 'व्हेर्सातील' माणूस म्हणजे घडीघडी मत बदलणारा, बेभरवशाचा. विशेषणांची यादी पाठ करायला देण्याआधी या जोड्या वाक्यांत वापरून दाखवा, ही मनापासून विनंती.