पीएचडी इंटरव्ह्यूचे तीन दिवस आणि दिवसाच्या बारा सिगारेटी: कसं निभावू?

कृष्णाकाठ
मी मूळची सांगलीची, तीन वर्षं ओहायोत आहे. मास्टर्स इथेच केलं, सध्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. बायोमेडिकल पीएचडीसाठी दोन ठिकाणांहून बोलावणं आलंय: जानेवारीअखेर ॲन आर्बर (मिशिगन विद्यापीठ) आणि फेब्रुवारीत सॅन डिएगो (कॅलिफोर्निया विद्यापीठाचा कॅम्पस).

ज्यांना या भेटी माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. गुरुवारी संध्याकाळी पोचायचं. शुक्रवारी सकाळी आठपासून पाच-सहा प्राध्यापकांशी अर्धा-अर्धा तास बोलायचं. दुपारचं जेवणही त्यांच्यासोबतच. संध्याकाळी पोस्टर, रात्री तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर जेवण. शनिवारी गाव दाखवतात, रविवारी परतीचं विमान. झोपेची वेळ सोडली तर सतत कुणीतरी सोबत असतं.

मी दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढते. पहिली उठल्यावर पंधरा-वीस मिनिटांत लागते. गेल्या वर्षी एका विद्यापीठात (नाव नको) गेले तेव्हा तीन दिवस हातच लावायचा नाही असं ठरवलं होतं. शुक्रवारी अकरापर्यंत डोकं इतकं जड झालं की माझ्याच थीसिसमधल्या प्रयोगाचा कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेला नमुना) कोणता होता ते मला आठवेना. दुपारी फोनचं निमित्त काढून मागच्या दाराने बाहेर पडले. दार आपोआप बंद झालं आणि माझ्याकडे कार्ड नव्हतं. पुढच्या मुलाखतीला नऊ मिनिटं उशिरा पोचले, कोटाला धुराचा वास होता आणि समोरच्या बाईंनी खिडकी उघडली. तिथे प्रवेश मिळाला नाही. कारण तेच होतं असं मी म्हणत नाही, पण ती उघडलेली खिडकी डोक्यातून जात नाही.

सिगारेट सोडायची आहे, मनापासून. पण इंटरव्ह्यूला पाच आठवडे राहिलेत. घरी माहीत नाही, त्यामुळे विचारायला दुसरं कुणी नाही. ज्यांनी हे निभावलंय त्यांनी सांगा.

राजापूरकर
आजच सोड. पाच आठवडे भरपूर झाले. मी एका दिवसात सोडली होती.

पिपेट
राजापूरकर, तुम्हाला जमलं याचा आनंद आहे, पण तिने एका दिवसात सोडून पाहिलंय आणि त्याचं काय झालं ते वरच लिहिलंय. शेवटच्या सिगारेटनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त असतो. गुरुवारी सोडली की नेमकी शुक्रवार-शनिवारी चिडचिड, जडपणा, लक्ष न लागणं. सोडण्याचा मुहूर्त इंटरव्ह्यूच्या आठवड्यात नकोच.

कृष्णाकाठ, मी यातून गेलोय. आता चौथ्या वर्षाला आहे आणि दर हिवाळ्यात आमच्याकडे येणाऱ्या मुलांचा यजमान असतो, म्हणून दोन्ही बाजू सांगतो.

सिगारेट ओढते म्हणून कुणी तुला नाकारणार नाही. कमिटीत तो विषयही निघत नाही. पण यजमान विद्यार्थ्यांना नंतर "कशी वाटली?" असं विचारतात, आणि त्यांच्या लक्षात राहतं ते गायब होणं. जेवताना दोनदा उठून गेलेला मुलगा आम्हाला आठवतो. त्याला आमच्यात रस नाही असंच आम्हाला वाटलं होतं. तो सिगारेट ओढायला जात होता हे पुष्कळ नंतर कळलं.

दुसरं म्हणजे जागा. मिशिगनचा कॅम्पस जुलै २०११ पासून धूरमुक्त आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सगळ्या कॅम्पसवर जानेवारी २०१४ पासून बंदी आहे आणि त्यात ई-सिगारेटही येते. इमारतीबाहेर उभं राहूनही चालत नाही, कॅम्पसची हद्द ओलांडून रस्त्यावर जावं लागतं. दोन मुलाखतींमधे मिळणाऱ्या दहा मिनिटांत हे होत नाही, त्यामुळे दिवसा ओढायची योजनाच करू नकोस. शरीराला निकोटिन दुसऱ्या वाटेने दे. त्याबद्दल धाग्यावरचं कुणी जाणकार नीट सांगेल.

गोदाघाट फार्मसी
मी नाशिकला औषधाच्या दुकानात बसतो, फार्मासिस्ट आहे. आमच्याकडे "निकोटिनची गोळी चघळली, काही उपयोग झाला नाही" म्हणणारे रोज येतात. दहातल्या आठांनी ती साध्या च्युइंगमसारखी चावलेली असते. म्हणून जरा सविस्तर.

ताई, तुमच्यासाठी मुख्य आधार पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी असतील तर २१ मिलीग्रॅमपासून, दहा किंवा कमी असतील तर १४ पासून सुरुवात करतात. तुम्ही सीमेवर आहात, तेव्हा एक आठवडा प्रामाणिकपणे मोजा आणि मग ठरवा. सकाळी आंघोळीनंतर दंडावर किंवा पाठीवर, कोरड्या आणि केस नसलेल्या जागी लावा. जागा रोज बदला, नाहीतर खाज सुटते. पॅच चढायला काही तास लागतात. आठच्या मुलाखतीसाठी पावणेआठला लावून उपयोग नाही.

पहिली सिगारेट उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत लागते, म्हणजे पॅच रात्रीही अंगावर ठेवलेला बरा, सकाळची तलफ सौम्य राहते. काहींना रात्री फार स्पष्ट, विचित्र स्वप्नं पडतात. तुम्हाला पडतात का हे आत्ताच घरी बघून घ्या, मुलाखतीच्या आदल्या रात्री नको.

पॅच लावूनही अधूनमधून तलफ येईल, त्यासाठी लॉझेंज, म्हणजे तोंडात विरघळणारी निकोटिनची गोळी. च्युइंगम नको, मुलाखतीत तोंड हलत राहणं वाईट दिसतं. लहान आकाराची लॉझेंज साधारण दहा मिनिटांत विरघळते. अर्ध्या तासाच्या आत सिगारेट लागणाऱ्यांना ४ मिलीग्रॅम, इतरांना २. ती चावायची नाही, गिळायची नाही, गालात ठेवून मधूनमधून बाजू बदलायची. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना कॉफी, संत्र्याचा रस, सोडा काही नको. तोंड आम्लधर्मी झालं की निकोटिन नीट शोषलं जात नाही. लोकांचा खरा घोटाळा इथेच होतो: एका हातात कॉफी, गालात गोळी. घाईघाईने चोखली तर उचकी लागते आणि छातीत जळजळ होते.

पॅच असताना एखादी सिगारेट ओढली गेली तर घाबरू नका. पॅच असताना सिगारेट ओढू नका अशी जुनी सूचना वेष्टनावर असायची, ती काढायला अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) २०१३ साली परवानगी दिली. मात्र मळमळ, धडधड, चक्कर असं काही झालं तर निकोटिन जास्त होतंय, पॅच काढा. हृदयाचा त्रास, गरोदरपण किंवा रोजची औषधं असतील तर आधी डॉक्टर.

शेवंती
कॉफीवरून आठवलं. सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफीन भराभर फोडतं. धूर थांबला की दोन-तीन दिवसांत तो वेग उतरतो आणि तेवढ्याच कॉफीने हात थरथरायला लागतात, झोप उडते. आपण समजतो सिगारेट नाही म्हणून असं होतंय. मी तीन कप प्यायची, त्याचा दीड केला आणि निम्मा त्रास गेला. या भेटींमध्ये दर तासाला कुणीतरी कॉफी हातात देतं, तेव्हा लक्षात ठेव.

कृष्णाकाठ
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! गेल्या वर्षी त्या शुक्रवारी मी पाच कप प्यायले होते.

वासाचं काय करू? रात्री हॉटेलवर गेल्यावर एक ओढावी लागेल असं वाटतंय. आणि व्हेप (ई-सिगारेट) नेऊ का?

पिपेट
व्हेप नको. ते चेक-इन बॅगेत चालत नाही, केबिन बॅगेतच ठेवावं लागतं. कॅम्पसवर बंदी आहेच. आणि एका सवयीच्या जागी दुसरी धरून तू सॅन डिएगोला जाशील. पुढे सुट्टीला सांगलीला जाताना तर मुळीच बरोबर नेऊ नकोस, भारतात २०१९ पासून ई-सिगारेटवर बंदी आहे.

हॉटेलच्या खोलीत ओढू नकोस. साफसफाईचे दोनशे-अडीचशे डॉलर लावतात आणि खोली विद्यापीठाच्या नावावर असते.

अनुजाची आई
मी पुण्याची, मुलीकडे न्यू जर्सीला आलेय. वासाबद्दल मी बोलते, कारण माझ्या नवऱ्याने पंचवीस वर्षं ओढल्या आणि मला दारातून कळायचं.

पोरी, अत्तर मारू नकोस. धूर आणि अत्तर मिळून जो वास होतो तो नुसत्या धुरापेक्षा वाईट. दम्याच्या माणसाला दोन्हीचा त्रास. वास सगळ्यात जास्त धरतात लोकरीचे कपडे, केस आणि बोटं. मुलाखतीचा कोट तू कधीच सिगारेटसोबत घालू नकोस. निघण्याआधी धुऊन प्लास्टिकमध्ये घाल, वेगळ्या बॅगेत. बाहेर जायला एक जुनं जाकीट आणि टोपी ठेव, केस टोपीत घाल. मिशिगनच्या थंडीत टोपी घातली तर कुणी विचारणार नाही. परत आलीस की हात कोपरापर्यंत साबणाने धू, तोंड धू, दात घास, आणि वीस मिनिटं कुणाजवळ जाऊ नकोस, श्वासातून वास येतच राहतो. बडीशेप आणि लवंग तोंडाला बरी, पण त्याने कपड्यांचा वास जात नाही.

आईला सांगितलं नाहीस म्हणून मनात अपराध घेऊन फिरू नकोस. आधी प्रवेश मिळव. सांगायचं तेव्हा तूच सांग, म्हणजे झालं.

शेजारचा पोस्टडॉक
एक राहिलं. शनिवारी रात्री विद्यार्थी बारमध्ये नेतात, आणि दोन घोट पोटात गेले की तलफ दुप्पट होते. तिथे बाहेर उभा असलेला एखादा विद्यार्थी तुला सिगारेट देऊ करेल. हो म्हणायचं की नाही हे आधीच ठरवून जा. मी स्वतः त्या रात्री दारू घेतली नव्हती, लिंबू-सोडा घेतला, कुणी काही बोललं नाही.

आणि कुणी थेट विचारलं तर खोटं बोलू नकोस. "हो, ओढते, सोडतेय" एवढं पुरे.

गोदाघाट फार्मसी
सोडण्यासाठी व्हॅरेनिक्लिन नावाची गोळीही आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळते. ती साधारण बारा आठवडे घ्यायची असते आणि सुरुवातीला पुष्कळांना मळमळतं. घ्यायचीच तर दोन्ही भेटी झाल्यावर डॉक्टरांशी बोला. अमेरिकेत १-८००-क्विट-नाऊ हा फोन मोफत आहे, काही राज्यांत तिथून पॅचही मोफत मिळतात. तुमच्या राज्याचं काय ते विचारा.

कृष्णाकाठ
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. कालपासून मोजायला घेतलं: तेरा. म्हणजे २१ चा पॅच. येत्या शुक्रवारी लॅबमध्येच इंटरव्ह्यूसारखा दिवस काढून बघते, आठ ते सहा, सिगारेटसाठी खाली न जाता.

कृष्णाकाठ (पाच आठवड्यांनी)
ॲन आर्बरहून काल रात्री परतले. लॅबमध्ये चार शुक्रवार तालीम केली. पहिल्या शुक्रवारी साडेतीनला हरले, चौथा पूर्ण गेला. पॅच रात्री ठेवला तर मला पूर आलेल्या नदीची स्वप्नं पडतात, म्हणून झोपताना काढते आणि सकाळी साडेपाचला उठून नवा लावते.

शुक्रवारी सहा मुलाखती झाल्या. लॉझेंज तीन लागल्या, तिन्ही इमारत बदलताना चालत. कॉफी एकच कप. एका प्राध्यापकांनी कंट्रोलबद्दलच विचारलं आणि आम्ही त्यावर वीस मिनिटं बोललो. गुरुवारी रात्री हॉटेलबाहेर एक ओढली, शनिवारी बारमधून आल्यावर एक. तीन दिवसांत दोन. अनुजाच्या आई, टोपीची युक्ती अगदी बरोबर होती.

आता सॅन डिएगो तीन तास मागे आहे. तिथल्या पहाटे तीनला माझं शरीर उठणार आणि सिगारेट मागणार. पॅच कधी लावू?

गोदाघाट फार्मसी
छान झालं, ताई. तिथे पहिल्या रात्री तरी पॅच काढू नका, नदीची स्वप्नं एक रात्र सोसा. दर चोवीस तासांनी नवा लावायचा असतो, म्हणजे तुमच्या साडेपाचचा हिशेब तिथे पहाटे अडीचचा होतो. त्यासाठी उठू नका, तिथल्या साडेपाचलाच बदला. तीन तास उशीर झाल्याने बिघडत नाही. तीनला जाग आलीच तर लॉझेंज उशाशी ठेवा.

अनुजाची आई
आणि टोपी तिथेही घे, पातळ. उन्हाची म्हणून चालेल.