‘शांपू सोडा, तेल आपोआप कमी होईल’ हे पातळ केसांच्या माणसांना सांगू नका

साधीवेणी

काल घरच्या गटावर परत तोच मजकूर आला. रोज शांपू लावल्यामुळे टाळू जास्त तेल सोडते, म्हणून दीड महिना शांपू बंद करा, खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून त्याने केस धुवा, साचलेला थर निघेल आणि तेलकटपणा कायमचा जाईल. खाली नऊ जणींनी ‘खूप उपयुक्त’ म्हणून हात जोडलेत. तिथे मोठी माणसं आहेत म्हणून मी गप्प बसले. इथे बसणार नाही.

माझे केस पातळ, सरळ आणि तेलकट. सकाळी धुतले तर संध्याकाळी भांगाच्या दोन्ही बाजूंना चप्प बसतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बटा पडतात आणि मधून टाळू दिसायला लागते. शाळेत मला ‘बुधली’ म्हणायचे. घरी म्हणायचे, सारखं धुतेस म्हणून असं होतं. म्हणून दहावीपासून पदवीपर्यंत मी फक्त रविवारी केस धुतले. सहा वर्षांत तेल थेंबभरही कमी झालं नाही. गुरुवारपासून मात्र मी वर्गात शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसायचे, मागून कुणाला डोकं दिसू नये म्हणून.

कमी होणारच नव्हतं. टाळूतल्या तैलग्रंथी चालतात हार्मोन्सच्या हुकमावर. वर शांपू लागला की नाही, हे त्यांना कळत नाही. जाड केस 80 ते 100 मायक्रॉनचा असतो, पातळ 50-60 चा. तेवढंच तेल बारीक केसाला लगेच जड होतं, आणि केस सरळ असला की ते सरसर खाली उतरतं. कुरळ्या, दाट केसांच्या बाईला जे मानवतं ते मला मानवेलच कसं?

सोड्याचा प्रयोगही मी केलाय, दोन वर्षांपूर्वी, पाच आठवडे. तिसऱ्या आठवड्यात कंगव्याच्या दातांच्या बुडाशी राखाडी थर दिसायला लागला. नखाने खरवडला तर नखाखाली मेणासारखा गोळा आला, वास खवट तेलाचा. मुळं ओलसर लागायची आणि टोकं झाली होती केरसुणी. सोड्याच्या पाण्याचा पीएच 8 च्या वर, म्हणजे अल्कधर्मी; टाळूचा साधारण 5.5, म्हणजे किंचित आम्लधर्मी. केसांचे खवले उघडतात आणि एकमेकांत अडकतात. सोडा आणि व्हिनेगर एकत्र केले तर फसफसून एकमेकांना मारतात, मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी. फेस बघून आपल्याला वाटतं काहीतरी धुतलं जातंय.

उपयोग झाला तो या गोष्टींचा: महिन्यातून दोनदा थर काढणारा, क्लॅरिफाइंग लिहिलेला शांपू, तोही लागोपाठ दोनदा, कारण पहिल्या वेळी फेसच येत नाही. एरवी दिवसाआड साधा पारदर्शक शांपू. कंडिशनर कानाच्या खालीच. सीरम बंद. आणि तेल बंद. हो, पूर्ण बंद.

पाटावरवंटा

शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. मी 61 वर्षांची आहे, वेणी अजून कमरेच्या खाली जाते. आमच्या घरात आईने, सासूने आणि मी, सगळ्यांनी आयुष्यभर खोबरेल लावलं आणि शिकेकाईने न्हालो. तेव्हा थर नव्हता, सीरम नव्हतं आणि क्लॅरिफाइंग तर नव्हतंच. तुम्ही आधी बाटलीतली रसायनं डोक्यावर थापता, मग ती काढायला दुसरी बाटली आणता, आणि दोष देता तेलाला!

शिकेकाईच्या शेंगा, दोन-चार रिठे बिया काढून, आवळकाठी, मूठभर मेथ्या. रात्री भिजत घालायचं, सकाळी उकळायचं, हाताने कुस्करायचं आणि जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं. एकदा करून बघा, मग बोला.

साधीवेणी

काकू, करून बघितलंय. शिकेकाईची पूड आणून पाण्यात कालवून लावली. दोन दिवस केसांतून भुकटी झडत होती. पांढऱ्या कुर्त्याच्या खांद्यावर तपकिरी कण, ऑफिसात एकीने विचारलं की कोंडा झालाय का.

पाटावरवंटा

पूड! मी पूड कुठे म्हटलं? मी गाळायचं म्हटलं. पातळ केसाला पूड लावलीत तर ती अडकणारच. अर्धी कृती करायची आणि आजीचं शास्त्र खोटं म्हणायचं, हे आजकाल फार झालंय.

नळपाणी

तुम्ही दोघीही चुकीच्या जागी भांडताय. मुद्दा पाण्याचा आहे.

माझं लग्नाआधीचं घर पुण्यात पेठेत, खडकवासल्याचं पाणी. केस पातळच, पण कधी तक्रार नव्हती. 2019 मध्ये बाणेरच्या पुढे फ्लॅट घेतला. तिथे बोअर आणि टँकर. चार महिन्यांत केस दोऱ्यासारखे. हात फिरवला तर मेणबत्तीला लावल्यासारखं वाटायचं. शांपू तोच, तेल तेच, मी तीच. गिझरची कॉइल बदलायला माणूस आला, त्याने ती माझ्या हातात दिली. बोटाएवढा जाड पांढरा दगड चढला होता तिच्यावर. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की हेच माझ्या केसांवर चढतंय. बिल्डरने ‘महापालिकेचं पाणी लवकरच’ म्हणून लिहून दिलं होतं. अजून आलेलं नाही. मेंटेनन्स भरायचा, टँकरचा वेगळा भरायचा, वर शॉवरला साडेतीन हजारांचा फिल्टर लावायचा. आणि तरी फरक शून्य!

रसायनशाळा

फिल्टरने फरक पडणार नव्हता. त्यात बहुतेक कोळसा आणि रंगीत खडे असतात, ते क्लोरीन आणि गाळ धरतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम तसेच पुढे येतात. ते काढायला आयन बदलणारं रेझिन लागतं, ज्याला मधूनमधून मिठाच्या पाण्याने ताजं करावं लागतं. नळाला अडकवलेल्या मुठीएवढ्या डबीत ते काम चालत नाही. सोसायटीत कुणी टीडीएस मीटर घेऊन फिरत असेल तर तोही एकूण क्षार दाखवतो, कठीणपणा, म्हणजे त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम किती, ते नाही. कठीणपणाची चाचणी वेगळी. भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, पिण्याच्या पाण्याला 200 मिलिग्रॅम प्रतिलिटर ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. आपल्याकडच्या काळ्या खडकातल्या बोअरना 200 ओलांडणं काही अवघड नाही.

पण सगळा दोष पाण्यावर टाकू नका. आमच्या घरी, लातूरकडे, वडील आयुष्यभर अंगाच्याच साबणाने डोकं धुवायचे. साबण आणि कठीण पाणी एकत्र आले की चुन्याचा साबण तयार होतो, बादलीच्या काठाला चिकटतो तो. तोच केसांवर बसतो. शांपूतल्या डिटर्जंटची अशी साय धरत नाही. म्हणजे बोअरच्या पाण्यात ‘नैसर्गिक साबणवडी’ वापरणाऱ्यांच्या डोक्यावर सगळ्यात जास्त राप चढतो, आणि ते बोट दाखवतात शांपूकडे. अशा रापावर आधी आम्ल, मग शांपू. आम्लाने चुना सुटतो पण साबणातली चरबी केसावर राहते, ती शांपूने न्यायची. बाटलीवर ईडीटीए किंवा सायट्रिक ॲसिड लिहिलं असेल तर अजून बरं, ते कॅल्शियम धरून ठेवतात.

विहीरकाठ

टँकर, टँकर चाललंय म्हणून लिहितो. माझं गाव शहराच्या कडेला आहे, तुमचे टँकर आमच्याकडून भरतात. आमच्या शेजारच्या विहिरीवर एप्रिलमध्ये पहाटे चारला मोटर सुरू होते, दिवसाला पंधरा-पंधरा टँकर. त्या पंधरवड्यात आमच्या आडाचं पाणी तळाला जातं. माझी आई दोन हंडे पाण्यात डोकं धुते, तेही दहा दिवसांनी. आणि इथे दिवसाआड दोनदा शांपू लावून शॉवरखाली उभं राहायचं, वर ते पाणी कठीण आहे म्हणून रडायचं. कठीण आहे ते आमच्यासाठी आहे.

नळपाणी

मी पाणी फुकट घेत नाही. पैसे मोजते. तुमच्या गावातलाच माणूस ते विकतो, त्याला विचारा. माझे केस खराब झाले हे लिहिलं तर मी गुन्हेगार झाले का?

विहीरकाठ

पैसे त्याला मिळतात, आड आमचा आटतो. तुम्ही पैसे दिलेत म्हणून पाणी तुमचं होत नाही.

नळपाणी

मग नळ का देत नाही महापालिका? आम्ही कर भरत नाही का? मला टँकरची हौस आहे असं वाटतं तुम्हाला?

पाटावरवंटा

पुरे. दोघांचंही खरं आहे आणि दोघंही ज्याच्यावर चिडायला हवं त्याला सोडून एकमेकांवर चिडताय. विहीरकाठ, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. आम्हीही दुष्काळात, 72 साली, एका घागरीत डोकं धुतलंय.

दिवसाआड

पुरुषांनी इथे लिहावं की नाही माहीत नाही, पण लिहितो. मला वाटत होतं माझ्या डोक्यावर थर साचलाय. पिवळसर, चिकट खपल्या, भुवयांत आणि नाकाच्या कडेलाही. आईने कोरडेपणा समजून दर रात्री कोमट खोबरेल चोळलं, जवळजवळ वर्षभर. वाढतच गेलं. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांनी दोन मिनिटं बघून सांगितलं की हा सेबोऱ्हिक डर्मटायटिस आहे. मॅलसेझिया नावाची यीस्ट टाळूवरच्या तेलावरच जगते, आणि आम्ही तिला रोज जेवण वाढत होतो. किटोकोनॅझोलचा शांपू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं ठेवून धुवायचा. महिन्याभरात खपल्या गेल्या. आईला अजून वाईट वाटतं, मी तिला काही बोललेलो नाही. पण खपल्या असतील तर घरात प्रयोग करत बसू नका.

साधीवेणी

हे लिहिलंत ते फार बरं केलंत. आणि ज्या मुलींचे केस अचानक तेलकट झालेत, पाळी पुढेमागे होतेय, हनुवटीवर राठ केस येतायत, त्यांनीही शांपू बदलत बसू नये, डॉक्टरकडे जावं. माझ्या मावसबहिणीची दोन वर्षं अशीच गेली. घरात सगळे तिला केस नीट धुवायला शिकवत होते आणि निघालं पीसीओएस, अंडाशयाशी निगडित हार्मोन्सचा विकार.

काकू, आता तरी तेलाचं मान्य करा.

पाटावरवंटा

त्या मुलाच्या आजारात तेल नको, हे मान्य. सगळ्यांनाच नको, हे नाही. खोबरेलामुळे केस तुटत नाहीत हे सिद्ध झालंय, माझ्या सुनेनेच मला वाचून दाखवलं.

रसायनशाळा

काकू म्हणतात तो अभ्यास खरा आहे. 2003 चा, रेळे आणि मोहिले यांचा. खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल लावून बघितलं, तर केसातलं प्रथिन वाहून जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ, ते केसाच्या आत शिरतं. हे संशोधक मॅरिकोचे होते, म्हणजे खोबरेल विकणाऱ्याच कंपनीचे, तेही लक्षात ठेवा. पण निष्कर्ष केसाच्या दांड्याबद्दल आहे. टाळूला पोषण मिळतं, केस वाढतात, असं त्यात काही नाही. म्हणजे धुण्याआधी टोकांना चमचाभर लावा. मुळांशी चोपडून रात्रभर ठेवायची गरज नाही, पातळ केसांना तर नाहीच.

आणि साधीवेणी, तुम्हालाही एक सांगायचंय. रिठा-शिकेकाईतलं सॅपोनिन, म्हणजे फेस आणणारं द्रव्य, हे साबण नव्हे. कठीण पाण्यात त्याची तशी चुन्याची साय धरत नाही. बोअरच्या पाण्यावर गाळलेली शिकेकाई ही साबणापेक्षा कधीही चांगली. पण सीरममधलं डायमेथिकोन, म्हणजे केसावर बसणारं सिलिकोन, काढायला ती कमी पडेल. ते पाण्यात विरघळत नाही, त्याला सल्फेटवाल्यासारखा जोरकस शांपू लागतो.

साधीवेणी

तीन आठवड्यांनी लिहितेय. काकूंचा राग डोक्यात राहिला होता म्हणून गाळून केलं. अगदी तसंच, फडकं दुहेरी करून. तपकिरी पाणी, वर थोडा फेस, वास चिंचेसारखा. आधी क्लॅरिफाइंग शांपूने एकदा जुना थर काढला, नंतर चार वेळा याच पाण्याने धुतलं. कंगवा रोज बघत होते. दातांच्या बुडाशी काही नाही. केस मऊ राहिले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकले, शांपूइतकेच. जास्त नाही, पण कमीही नाही. हे लिहायला जड जातंय, पण पूड लावून मी शिकेकाईला नावं ठेवली ते चुकलं.

दिवसाआड धुणं मात्र सोडणार नाही. आठवड्यातून एकदा धुवून केस सुधारतात हे मला परत कुणी सांगू नये. माझ्या मुलीचे केस माझ्यासारखेच आहेत. ती आठ वर्षांची आहे आणि तिला मी आत्ताच सांगितलंय की डोकं तेलकट होणं म्हणजे घाणेरडं असणं नव्हे, धुवायचं आणि शाळेत जायचं. विहीरकाठ, तुमचं लिहिलेलंही डोक्यात आहे. आता शॉवर बंद करून बादलीने धुते, दीड बादलीत होतं.

विहीरकाठ

दीड बादली म्हणजे आमच्या आईच्या दोन हंड्यांएवढंच झालं. ठीक आहे.

पाटावरवंटा

नरक चतुर्दशीला तरी लेकीच्या डोक्याला तेल लावा हो. अभ्यंगाला कोरडं डोकं बरं दिसत नाही.

साधीवेणी

वर्षातून एकदा लावेन. टोकांना.

पाटावरवंटा

टोकांना तर टोकांना. रिठा मात्र दोनच्या वर घालू नका, डोळ्यात गेला तर दिवाळीभर पोर रडेल.