मदत हवी आहे: भावाला व्यसनमुक्ती केंद्रात अजून किती दिवस ठेवावं?

धाकटा भाऊ दारू सोडायला केंद्रात दाखल आहे, आज २६ वा दिवस. पहिला आठवडा हातापायांची थरथर, घाम आणि जागरणातच गेला. म्हणजे खरं समुपदेशन जेमतेम तीन आठवड्यांचं. ३० दिवसांनी घरी सोडणार म्हणतात. पण एकूण उपचार ९० दिवसांपेक्षा कमी असले तर परिणाम फारसा टिकत नाही, असं वाचलंय. हे सगळे दिवस आतच काढायचे, की पुढचे घरी राहून समुपदेशन, गटसभा, औषधं यांवर निभतात? "दादा, मी बरा आहे, ने मला," म्हणतो तेव्हा जीव तुटतो. मागच्या वेळी असंच लवकर आणलं आणि पंधरवड्यात पुन्हा सुरू झाली. ज्यांच्या घरचं माणूस यातून गेलंय त्यांनी कृपया सांगा, मुक्काम वाढवायचा की नाही हे तुम्ही कशावरून ठरवलंत?