ग्रिडवरून आंग्रिया बँकेचे पट्टे आखू नका

खोलमापी: काल इथे लिहिलंय की जेबकोची ग्रिड (जगभरच्या समुद्राच्या खोलीचा चौकटींतला तयार नकाशा) उतरवा, उतार आणि बीपीआय (प्रत्येक चौकट आजूबाजूपेक्षा उंच की खोल, ते सांगणारा आकडा) काढा, तासाभरात कोकणासमोरच्या समुद्रतळाचं वर्गीकरण तयार, त्यावर मासेमारीचे नि केबलचे पट्टे आखा. हे धोक्याचं आहे. ग्रिडची चौकट अक्षांश-रेखांशाच्या 15 सेकंदांची, म्हणजे साधारण 450 मीटर. विजयदुर्गसमोर शंभरेक किलोमीटरवरची आंग्रिया बँक, म्हणजे पाण्याखालचं प्रवाळी पठार, त्यात दिसते, कारण ती 40 किलोमीटर लांब आहे. पन्नास मीटर रुंदीचा प्रवाळाचा उंचवटा त्यात विरघळून जातो. शिवाय कित्येक चौकटींत मोजणीच नाही, गुरुत्वमापनावरून बांधलेला अंदाज आहे. सोबतची टीआयडी ग्रिड (प्रत्येक चौकटीची खोली कशावरून आली ते सांगणारी) उघडा, मोजलेली चौकट कुठली ते बघा, मग बीपीआय.

नकाशावाला: पोस्ट माझी. मल्टीबीमचा, म्हणजे बोटीखालून ध्वनीचा पंखा सोडून खोली मोजण्याचा, हिशोबही मांडा ना! 25 मीटर पाण्यात एका फेरीत मोजला जाणारा पट्टा फार तर 100 मीटर, एकमेकांवर चढवून हाती 75. बँक 15 किलोमीटर रुंद: 200 फेऱ्या, 8000 किलोमीटर, 5 नॉटने अखंड 36 दिवस. तोवर नियोजन थांबवायचं?

दर्यासारंग: आणि त्या 36 दिवसांत पाण्यातला ध्वनिवेग चुकला की खोली चुकते, सगळं पाण्यात. पावसाळ्यानंतर वर कोमट, खाली गार पाणी असतं. सकाळचा ध्वनिवेग दुपारी वापरला की मोजलेल्या पट्ट्याच्या कडा वळतात, सपाट चिखलावर वरंबे उठतात. बीपीआय त्यांना बिनदिक्कत ‘कटक’ (लांबट उंचवटा) म्हणतो. ओळखायची खूण: वरंबे फेऱ्यांना समांतर, अंतर फेऱ्यांमधल्या अंतराएवढंच. आडव्या फेऱ्या मारून ताळा घ्या. भरती-ओहोटीची दुरुस्ती चुकली तर दोन फेऱ्यांच्या सांध्यावर पायरी दिसते, ते वेगळं.

नकाशावाला: मुद्दा मासेमारी-केबलच्या पट्ट्यांचा आहे, ध्वनिवेगाचा नाही!

दर्यासारंग: खोट्या कटकावर ‘प्रवाळ’ लिहून ट्रॉलर अडवलात तर मुद्दा तोच आहे.

वावभर: मूळ खोट दोघांच्याही शब्दांत आहे. ‘कटक’ हा आकार, ‘प्रवाळभित्ती’ ही घडण. दोन्ही एकाच रकान्यात कोंबू नका. आकार खोलीवरून ठरतो. घडणीला बॅकस्कॅटर (तळावरून परतलेल्या ध्वनीचा जोर), कॅमेरा, ग्रॅब (तळाचा नमुना उचलणारा जबडा) लागतो. ग्रॅब रिकामा आला की लोक ‘नमुना नाही’ लिहून मोकळे होतात. तीनदा टाकूनही रिकामा आला, तर खाली बहुधा खडक आहे. तशी नोंद करा. आणि किती वावांवर खडप लागतं, जाळं कुठे फाटतं, हे तांडेलांना आधी विचारा. कॅमेरा कुठे सोडायचा ते तिथेच कळतं.

नकाशावाला: ठीक. ग्रिडवरून ‘बँक’ आणि ‘उतार’ एवढंच लिहीन, घडणीचा रकाना कोरा ठेवीन. पण ढोबळ नकाशा हवाच. 36 दिवसांची बोट आधी कुठे न्यायची, ते त्याशिवाय ठरत नाही.

खोलमापी: त्यासाठी हवा, मान्य. पट्टे आखायला नाही.