माद्रिदहून तीन-चार दिवस : खेर्ते खोऱ्यात धावायचं तर कुठून?

सुपर_कॉरिडॉरवाली (इंदूर)

नमस्कार मंडळी. लेक माद्रिदला शिकतेय, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तिच्याकडे निघालेय. तिची परीक्षा मधेच आलीय, त्यामुळे तीन-चार दिवस मी मोकळी. म्युझियमांच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा कुठल्यातरी खेड्यापाड्यांच्या खोऱ्यात जाऊन धावावं असं डोक्यात आहे. चेरीच्या बहराचे फोटो पाहून पश्चिम स्पेनमधल्या खेर्ते खोऱ्यावर जीव जडलाय.

माझं धावणं सांगते. पन्नाशी उलटलीय. रविवारी सुपर कॉरिडॉरवर पंधरा-सोळा किलोमीटर, सगळं सपाट डांबर. चढ म्हणजे कधीमधी रालामंडळची टेकडी. शर्यत नकोय, घड्याळाची घाई नाही.

नकाशावर नदीकाठानं एकच मोठा रस्ता दिसतो, एन-११०. त्यावरून धावता येतं का? एकटीनं जाणं ठीक आहे का? शाकाहारी आहे, अंडं चालतं. आणि चेरी खायला मिळतील ना? हसू नका.

तुकोगंजचा_कासव

हसलो. मार्चमध्ये फुलं असतात ताई, फळं मे लागल्यावर. तिथली नावाजलेली 'पिकोता' तर आणखी उशिरा, जून-जुलैत. ती तोडताना देठ झाडावरच राहतो, त्यामुळे बाजारात देठ नसलेली चेरी दिसली तर कोणी शिळा माल खपवतोय असं समजू नका.

जानापाव_लोकल

कंपनीच्या कामानं बरीच वर्षं स्पेनला काढली, माद्रिदहून सुट्टी मिळाली की याच खोऱ्यात पळायचो. म्हणून जरा लांबण लावतो.

एन-११० आधी डोक्यातून काढा. तो वाहता रस्ता आहे. बहराच्या शनिवार-रविवारी तर अर्धं माद्रिद गाड्या घेऊन त्यावर उतरतं. शक्य असेल तर सोमवार ते गुरुवार जा.

धावायचं ते रस्त्याच्या वरच्या अंगाला. डोंगराच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांची शेतं आहेत, सगळी चेरीची, आणि जवळपास प्रत्येक गावातून त्या बागांकडे चढणाऱ्या वाटा निघतात. काही सिमेंटच्या, काही मातीच्या, एक ट्रॅक्टर जाईल एवढ्या. नावाकोन्सेखो किंवा काबेथुएला गावातून अशी एखादी वाट धरा, तासभर वर जा, त्याच वाटेनं परत या. गाड्यांचा त्रास नाही आणि खाली अख्खं खोरं दिसतं. बांध दगडावर दगड रचून केलेले, मधे चुना नाही की सिमेंट नाही. पावसानंतर त्यांतून पाणी पाझरत वाटेवर येतं आणि गळलेल्या पाकळ्या त्या ओल्या सिमेंटवर चिकटून बसतात. फोटोत फार गोड दिसतं, पायाखाली मात्र सपशेल घसरगुंडी. तळ झिजलेले डांबरावरचे बूट घरीच ठेवा.

आता मुद्द्याचं. लोक इंदूरला बसून रूट पक्का करतात आणि तिथे जाऊन "बहर कुठाय" म्हणून हळहळतात. बहर एका दिवशी सगळीकडे येतच नाही. खोरं प्लासेन्सिया शहराकडे जेमतेम चारशे मीटर उंचीवर आहे आणि दुसऱ्या टोकाला तोर्नावाकासची खिंड १२७५ मीटरवर. फुलं खालून सुरू होतात आणि दिवसागणिक वर सरकतात. साधारण मार्चचा उत्तरार्ध ते एप्रिलचा मध्य, थंडी कशी पडली त्यावर मागेपुढे. तेव्हा खोलीचं बुकिंग करा, रूटचं नको. पोचल्यावर मान वर करून बघा, पांढरा पट्टा कुठवर चढलाय. खालीच असेल तर नावाकोन्सेखोच्या आसपास पळा. खालचा झडून गेला असेल तर वरच्या गावांकडे चला. पिओर्नाल ११७५ मीटरवर आहे, एक्स्त्रेमादुरा प्रांतातलं सगळ्यात उंच गाव. तिथे थंडी टिकून असते, हातमोजे न्या.

एक सकाळ लोस पिलोनेस या कुंडांसाठी राखा. खेर्ते गावाबाहेर नैसर्गिक अभयारण्याचं माहिती केंद्र आहे, तिथून ओक आणि चेस्टनटच्या झाडीतून वाट चढते, एका बाजूनं सुमारे तीन किलोमीटर. वर पाण्यानं ग्रॅनाइट कोरून कुंडं केलीत. निघोजचे रांजणखळगे पाहिले असतील तर प्रकार लगेच लक्षात येईल, फक्त तिथला खडक काळा आणि इथला फिकट, पाणी हिरवं नितळ. मार्चमध्ये त्यात पाय बुडवले की पोटऱ्यांना बर्फाच्या शेकाची गरज उरत नाही. उतरताना दगड गुळगुळीत आहेत, तिथे सरळ चाला. कोणी बघत नाही.

हौस असेल तर तोर्नावाकास ते खारान्दिया ही सम्राट पाचव्या कार्लोसची वाट आहे, सुमारे २८ किलोमीटर, डोंगर ओलांडून पलीकडच्या ला वेरा खोऱ्यात उतरते. राज्यकारभार सोडून १५५६च्या नोव्हेंबरात तो याच डोंगरावरून युस्तेच्या मठाकडे निघाला होता. संधिवातानं पाय गेलेले, म्हणून गावकऱ्यांनी त्याला खांद्यावरून वाहून नेलं. तुम्हाला कोणी उचलणार नाही. आणि शेवट दुसऱ्याच खोऱ्यात होतो, परतीला गाडी ठरवावी लागते. रालामंडळच्या सरावावर, तेही एकटीनं, मी तरी सुचवणार नाही.

मीटरगेज_प्रेमी

भिया, पन्नाशीच्या गुडघ्यांना डोंगर कशाला? ताई, 'व्हिया व्हेर्दे' शोधा. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ काढून तिथे चालायच्या-सायकलच्या वाटा केल्यात, १९९३पासून हे काम सुरू आहे, देशभरात तीन हजार किलोमीटरच्या वर झाल्यात. आगगाडीसाठी बांधलेला मार्ग, त्यामुळे चढ अंगावर येत नाही. अंदालुसियात पुएर्तो सेर्रानो ते ओल्वेरा हा ३६ किलोमीटरचा टप्पा आहे, ३० बोगदे, ४ मोठे पूल, आणि मधे साफ्रामागोनचा सुळका, जिथे गिधाडांची मोठी वसाहत आहे. गंमत म्हणजे त्या मार्गावरून गाडी कधी धावलीच नाही. मार्ग तयार होत आला आणि प्रकल्प बारगळला. बोगद्यांसाठी टॉर्च हवा.

आपल्या पाताळपाणी-कालाकुंडला २०१८पासून हेरिटेज गाडी तरी मिळाली. महूकडचे बाकीचे जुने मीटरगेज तुकडे असेच धावायला दिले असते तर! असो, विषय भरकटला.

जानापाव_लोकल

वाट उत्तम आहे, वाद नाही. पण ती पार दक्षिणेला, कादिझ-सेव्हियाच्या बाजूला. तीन दिवसांतला एक जाण्यात, एक येण्यात. सपाटच हवं असेल तर प्लासेन्सियाहूनच व्हिया व्हेर्दे दे ला प्लाता एर्वासकडे जाते. प्रवासी गाड्या १९८५ला बंद झाल्या तोच जुना मार्ग. एर्वास हे शेजारच्या आंब्रोस खोऱ्यातलं गाव, मातीच्या विटा आणि लाकडी चौकटींच्या घरांची जुनी ज्यू वस्ती तिथे टिकून आहे. पहिला दिवस तिथे पाय मोकळे करा, मग खेर्तेत चढा. गुडघे कुरकुरले तर दुसऱ्या दिवशीही तिथेच पळा, काही बिघडत नाही.

विजयनगरची_सई

ताई, एकटीच्या प्रश्नाला कोणी हातच घातला नाही, म्हणून मी. मी उत्तर स्पेनच्या खेड्यांत एकटी धावलेय. माणसांची भीती वाटली नाही, कुत्र्यांनी मात्र दमवलं. गुरं राखणारे मास्टिफ वासराएवढे असतात. कळपाच्या मधून जायचं नाही, लांबून वळसा घ्यायचा, धावणं थांबवून चालायचं. खोलीवालीला रोज सांगून निघा, कुठल्या वाटेनं आणि कधी परत. आणीबाणीचा नंबर ११२.

आणि आपली पहाटे पाचची सवय तिथे उपयोगाची नाही. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, मग तिकडे पश्चिमेला आठ वाजून गेल्यावर सूर्य उगवतो. अंधारात वाट शोधत बसू नका. टोमॅटो चोळलेला पाव आणि कॉफी घ्या, नऊला निघा. उन्हाचा धाक नसतो, सकाळी गारठाच असतो.

जेवणात 'तोर्तिया' म्हणजे बटाट्याचं जाड ऑम्लेट, ते सगळीकडे मिळेल. 'पतातास रेवोल्कोनास' हा कुस्करलेला बटाटा ला वेराच्या धुरावलेल्या लाल तिखटात करतात. आपल्या जिभेला लगेच पटेल, पण वर डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे असतात आणि आतही चरबी असू शकते. मागवण्याआधी विचाराच.

सुपर_कॉरिडॉरवाली (इंदूर)

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! एर्वास एक दिवस, खेर्ते दोन दिवस, सम्राटाला लांबूनच नमस्कार. जानापाव भाऊ, एकच राहिलं. गाडी चालवायची नाहीये मला. माद्रिदहून कशी जाऊ? आणि निघेपर्यंत सराव काय करू, हाताशी सहा आठवडे आहेत.

जानापाव_लोकल

माद्रिद ते प्लासेन्सिया रेल्वे आहे. पुढे खोऱ्यात आणि एर्वासला बस, पण फेऱ्या मोजक्या, शनिवार-रविवारी त्याहून कमी, तेव्हा वेळापत्रक आधी बघून मगच खोली कुठल्या गावात घ्यायची ते ठरवा. मुक्काम काबेथुएला किंवा खेर्तेत असेल तर दाराबाहेर पडलं की वाट सुरू.

सरावाचं म्हणाल तर आठवड्यातला एक सपाट रन काढून टाका आणि जानापावचा घाट धरा. चढ चालत गेलात तरी चालेल, उतार मात्र छोटी पावलं टाकत धावत या, मांड्या उतारानंच धरतात. या रविवारी आम्ही पाच-सहा जण महू नाक्यावरून सकाळी साडेपाचला गाडीनं निघतोय, एक जागा रिकामी आहे. पाण्याची बाटली आपापली. परतताना पोहे-जलेबी तुमच्याकडून.